चित्र धूसर चालेल की अडखळते?

प्रश्न : मी दोन कोअरच्या जुन्या लॅपटॉपवरून गणिताचे ऑनलाइन वर्ग घेतो. वेबकॅम वहीवर रोखलेला असतो आणि मी लिहीत लिहीत शिकवतो. अर्ध्या तासाने पंखा घोंघावू लागतो, चित्र अडखळते आणि पाठोपाठ आवाजही तुटतो. इंटरनेट उत्तम आहे. रिझोल्यूशन कमी करावे, फ्रेम रेट कमी करावा की नवा लॅपटॉप घ्यावा?

उत्तर : नव्या लॅपटॉपचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे, म्हणजे फ्रेम, जातात तो आकडा) कमी करावा आणि रिझोल्यूशन (चित्रातील पिक्सेलची, म्हणजे ठिपक्यांची, संख्या) १२८० बाय ७२० च्या खाली शक्यतो नेऊ नये.

दुखणे प्रोसेसरचे आहे, हे तुमच्या वर्णनावरूनच कळते. नेटवर्क अपुरे पडले तर चित्र बिघडते, पण पंखा घोंघावत नाही. सततच्या कामाने प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग उतरवतो, म्हणून पहिली पंचवीस मिनिटे सुरळीत जातात आणि नंतर घसरण सुरू होते. याच कारणाने कोणतीही सेटिंग पाच मिनिटांत तपासून समाधान मानू नये. पूर्ण तासभर चालवून पाहावी.

प्रोसेसरवरचा भार ढोबळमानाने सेकंदाला किती पिक्सेल हाताळावे लागतात यावर ठरतो. १९२० बाय १०८० च्या एका फ्रेममध्ये २० लाखांहून अधिक पिक्सेल असतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर हा आकडा ६.२ कोटींवर जातो. १२८० बाय ७२० आणि १५ फ्रेम असे ठेवले तर तो १.४ कोटींच्या आसपास येतो, म्हणजे पाव हिश्श्याहूनही कमी. (फ्रेम निम्म्या केल्या म्हणून भार काटेकोर निम्मा होतोच असे नाही, कारण लागोपाठच्या दोन फ्रेममधला फरक वाढतो आणि तो नोंदवायला जास्त खटपट पडते, परंतु वहीवर संथपणे फिरणाऱ्या पेनाच्या बाबतीत हा फरक किरकोळ असतो.)

आता वहीकडे पाहू. चित्राच्या रुंदीत ३२ सेंटिमीटरची उघडी वही मावत असेल, तर १२८० च्या रुंदीत प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला चार पिक्सेल येतात. ‘क्ष’च्या डोक्यावरचा दोन मिलिमीटर उंचीचा घातांक आठ पिक्सेलमध्ये बसतो आणि वाचता येतो. तेच ६४० बाय ३६० केले की त्याच्या वाट्याला जेमतेम चार पिक्सेल उरतात, त्यांवर कॉम्प्रेशनचा, म्हणजे चित्र आवळून लहान करण्याचा, हात फिरतो आणि तो वर्ग होता की घन, हे विद्यार्थ्याला अंदाजाने ठरवावे लागते. याउलट पेन दर ६७ मिलिसेकंदांनी (१५ फ्रेम) एकदा दिसले काय किंवा ३३ ने (३० फ्रेम) दिसले काय, समजण्यात फरक पडत नाही. व्यायाम किंवा नृत्य शिकवणाऱ्याला मी नेमका उलटा सल्ला देईन.

अडचण अशी की, अनेक अ‍ॅप समोर चेहराच आहे असे गृहीत धरतात आणि भार वाढला की आधी रिझोल्यूशन खाली आणतात. ब्राउझरमधील कॉलच्या वेबआरटीसी तंत्रात ‘हालचाल जपा’ की ‘तपशील जपा’ हे सांगण्याची सोय आहे, पण ती अ‍ॅप बनवणाऱ्याच्या हाती असते. तुमच्या अ‍ॅपमध्ये वहीवरचा कॅमेरा स्क्रीन शेअरच्या मार्गाने दाखवता येत असेल, तर तसा दाखवावा. त्या मार्गात अक्षरांच्या स्पष्टतेला सहसा प्राधान्य असते.

कपात कॅमेऱ्यापासूनच करावी. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट आहे, तर १०८० चे ३० फ्रेमचे कच्चे चित्र त्याच्या दुप्पट भरते. म्हणून असा वेबकॅम प्रत्येक फ्रेम आवळून पाठवतो, लॅपटॉप ती उलगडतो आणि पुन्हा नव्याने आवळतो. पाठवताना चित्र लहान केले तरी हा उलगडण्याचा खर्च वाचत नाही.

याशिवाय पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय बंद करावी आणि विद्यार्थ्यांच्या चौकटी लपवाव्यात, कारण दिसणारी प्रत्येक चौकट हा उलगडावा लागणारा स्वतंत्र व्हिडिओ असतो. माझ्या मते फ्रेम रेटला हात लावण्याआधी हेच करून पाहावे. वहीवर एक दिवाही लावावा. अंधुक उजेडात चित्रात रवाळपणा येतो, आणि दर फ्रेमला बदलणारे ते कण आवळणे प्रोसेसरला फार जड जाते.

प्रश्न : कॉल चालू असताना चित्र क्षणात धूसर होते, पण पूर्ववत व्हायला पुष्कळ वेळ लागतो. हा अ‍ॅपचा दोष आहे का?

उत्तर : नाही, ते जाणूनबुजून केलेले असते. भार हलका होताच चित्र मोठे केले, तर त्या मोठ्या चित्रानेच भार पुन्हा वाढतो आणि दर काही सेकंदांनी वर-खाली सुरू होते. शिवाय आकार बदलताना बहुधा पूर्ण चित्राची नवी की-फ्रेम पाठवावी लागते, आणि ती नेहमीच्या फ्रेमपेक्षा कितीतरी मोठी असते. म्हणून उतरताना घाई आणि चढताना सबुरी असा नियम घालून दिलेला असतो. त्या काळात कॅमेरा बंद-चालू करून पाहू नये. तसे केले की की-फ्रेम पुन्हा पाठवावी लागते आणि अ‍ॅपचा अंदाज बांधणे पहिल्यापासून सुरू होते.