यूपीएसच्या आधी चार्जर

चि. यास अनेक आशीर्वाद,

सांवेर रोडच्या कारखान्यात बॅटऱ्यांबरोबर आता यूपीएस आणि व्होल्टेज प्रोटेक्टरही काढायचे ठरले आणि ते काम तुझ्या गळ्यात पडले, असे कळले. माझे ऐकशील तर यूपीएस मागे ठेव, आधी चार्जर कर. बॅटरी कशाने मरते हे तुमच्या लोकांना ठाऊक आहे. नुसत्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला ते सहसा नसते.

१२ व्होल्टच्या ट्यूब्युलर (नळीदार प्लेटच्या) बॅटरीला २५ अंशांवर फ्लोट, म्हणजे भरल्यावर सतत देत राहायचे व्होल्टेज, १३.६ व्होल्ट पुरे. पण इंदूरच्या मे महिन्यात जिन्याखालच्या कोंदट कोनाड्यात ती ४० अंशांवर असते. दर सेलला दर अंशामागे ३ मिलिव्होल्ट धर. सहा सेल, पंधरा अंश, म्हणजे २७० मिलिव्होल्ट कमी, १३.३ वर आण. नाही आणलेस तर पाणी उडते आणि पॉझिटिव्ह प्लेटचा कणा गंजतो. थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा रोध, पीसीबीवर (सर्किट बोर्डवर) बसवू नकोस. तिथे तो ट्रान्सफॉर्मरचीच ऊब मोजतो, बॅटरी कायम अर्धपोटी राहून प्लेटवर सल्फेटचा थर धरते. वायर काढून तो निगेटिव्ह टर्मिनलवर लाव. हा थर्मिस्टर एनटीसी जातीचा, म्हणजे थंडीत रोध वाढणारा; वायर तुटली की रोध अनंत होतो, चार्जरला वाटते कडाक्याची थंडी पडली, आणि तो व्होल्टेज चढवत नेतो! म्हणून सिग्नल तुटल्यास थेट १३.३ धरायचे, हे प्रोग्राममध्येच लिही.

प्रोटेक्टरमध्ये घात होतो तो न्यूट्रल तुटल्यावर. घरात २३० ऐवजी ४०० पर्यंत येऊ शकते आणि ते बराच वेळ टिकते. २७५ व्होल्टची एमओव्ही (जादा व्होल्टेज शोषणारी चकती) मायक्रोसेकंदांचा झटका गिळते, असे टिकून राहिलेले व्होल्टेज नाही. काळी पडून फुटते. ती रिलेच्या मागे, लोडच्या बाजूला ठेव. रिलेचा (विजेवर चालणाऱ्या स्विचचा) एनओ, म्हणजे एरवी उघडा राहणारा, संपर्क वापर, म्हणजे सर्किट मेले तरी लोड सुटतो. सर्किटचा स्वतःचा सप्लाय ४४० व्होल्टवर तासभर चालवून पाहा. बरेच जण ३०० वर तपासून खूश होतात.

बोर्ड जोडणीची खोली बॅटरी चार्जिंगपासून लांब हवी. ॲसिडच्या वाफेने तांब्याचे ट्रॅक हिरवे पडतात.

यूपीएसला हात घालशील तेव्हा १० केव्हीएपर्यंत बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे, आयएस १६२४२ प्रमाणे. आणि महाराणी रोडचा दुकानदार बॅटरीसारखी महिन्यांच्या हिशोबाची वॉरंटी ऐकणार नाही, त्याला त्याच दिवशी बोर्ड बदलून हवा. शंभर नगांमागे पाच बोर्ड राखून ठेव, परत आलेला प्रत्येक बोर्ड उघडून पाहा.

कळावे.