कॉलेजच्या पोरांची मैफल: हॉल घ्यायचा की वर्गातच बसायचं?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नागपुरातल्या एका छोट्या कॉलेजात तुम्ही संगीत शिकवता, फेब्रुवारीत मुलांची मैफल ठेवायचीये, विद्यार्थी वीसेक, बहुतेक सगळे गाणारे, त्यात दोघं जण व्हायोलिनवर वेस्टर्न क्लासिकल वाजवतात, आणि प्राचार्य म्हणून राहिले की मोठा हॉल घ्या, साऊंड चांगला लावा, कॉलेजचं नाव झालं पाहिजे. तर काय करावं?

मी काही संगीत शिक्षक नाही हो, नोकरी बँकेत, पण तबल्याची साथ करतो आणि कॉलेजांच्या असल्या कार्यक्रमांत बरीच वर्षं बसत आलोय, त्यामुळे स्टेजवरून काय दिसतं ते सांगू शकतो. हॉल घेऊ नका. आणि जमलं तर माईकही लावू नका.

हॉलचं आधी बोलू. रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहाचं उदाहरण बघा, दोन हजाराच्या आसपास खुर्च्या आहेत तिथं. सिव्हिल लाईन्सचं वसंतराव देशपांडे सभागृहही मोठंच. तुमच्याकडे येणार कोण? मुलांचे आईबाप, चारदोन मावश्या-काका, स्टाफ, आणि अटेंडन्स लागेल म्हणून बसवलेले सेकंड इयरचे पोट्टे. शंभर डोकी आली तरी खूप. एवढी माणसं त्या हॉलमध्ये विखरून बसली की स्टेजवरच्या मुलीला समोर फक्त रिकाम्या खुर्च्या आणि डोळ्यात जाणारे लाईट दिसतात, ती घाबरते, लय वाढवते आणि वीस मिनिटांचं गाणं बारा मिनिटांत उरकून उठते. हे मी एकदा नाही, कितीदा पाहिलंय.

माईकचं तर विचारूच नका. आपल्याकडचे साऊंडवाले चांगली माणसं आहेत, पण त्यांची सवय ऑर्केस्ट्राची आणि गणपतीची, तबला दिसला की पहिले डग्ग्याचा बेस चढवतात, तानपुरा त्यांना वाद्य वाटतच नाही, तो कोणीतरी मागं धरून बसलेली शोभेची वस्तू वाटते. मग मुलीला तिचा सा ऐकू येत नाही. मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) मागितला तर त्यात तिचाच आवाज येतो, तानपुरा नाहीच. नवख्या गळ्याला सुरात ठेवणारी एकच गोष्ट असते, कानाजवळ वाजणारा तानपुरा, आणि आपण हजारो रुपये भाडं देऊन नेमका तोच काढून घेतो.

छोट्या खोलीत हे सगळं आपोआप सुटतं. आणि छोटी खोली म्हणजे काही कमीपणा नाही, प्राचार्यांना हे नक्की सांगा. ख्याल हा दरबारात आणि दिवाणखान्यात वाढलेला, पन्नास-साठ माणसं गादीवर बसून ऐकताहेत असाच. आणि तुमचे व्हायोलिनवाले जे वाजवतात त्यातलं चेंबर म्युझिक, म्हणजे मोजक्या वादकांचं संगीत, तर सरळसरळ घरातलंच. १७८४ मध्ये व्हिएन्नात एका घरगुती बैठकीत चौघं संगीतकार क्वार्टेट (चार वाद्यांची रचना) वाजवायला बसले होते, पहिलं व्हायोलिन हायडन, दुसरं डिटर्सडॉर्फ, व्हायोला मोझार्ट आणि चेलो व्हानहाल. तिथं हजर असलेल्या मायकेल केली नावाच्या गायकाने आपल्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. त्याने हेही लिहिलंय की चौघांपैकी कोणी वाजवण्यात फार मोठा उस्ताद नव्हता, पण एकत्र बरं वाजवलं. मुलांना हे जरूर सांगा, धीर येतो.

आता वर्ग कोणता निवडायचा. टाईल्सची फरशी, काचेच्या खिडक्या आणि मागं मोठा पांढरा बोर्ड असा वर्ग असेल तर आवाज इतका घुमतो की तान ऐकूच येत नाही, नुसती गर्दी होते. खाली जाड सतरंज्या टाका, खिडक्यांना पडदे नाहीतर चादरी लावा, लोकांना खालीच बसवा (म्हाताऱ्यांना मागं खुर्च्या), माणसं भरली की अर्धा घुमारा तिथंच मरतो. आदल्या दिवशी रिकाम्या वर्गात ऐकून घाबरू नका, भरल्या वर्गात वेगळं वाजतं. पंखे बंद. आणि तारीख ठरवताना शेजारी मंगल कार्यालय आहे का आणि त्या दिवशी मुहूर्त आहे का ते बघा, नाहीतर तुमचा विलंबित (संथ ख्याल) आणि त्यांची वरात एकाच वेळी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येईल.

फेब्रुवारी निवडला हे बेस्ट केलं. मार्च संपता संपता आपल्याकडे कूलर लागतात, आणि कूलर हा तबलजीचा दुश्मन आहे. नागपूरच्या कोरड्या उन्हात पुडी (तबल्याचं कातडं) ताणते, तबला चढतो, तो तुम्ही हातोडीनं गजऱ्याला (काठावरच्या चामड्याच्या वेणीला) खालून ठोकून उतरवता, तेवढ्यात कोणीतरी कौतुकानं कूलर कलाकाराकडे वळवतो, ओली हवा आली की पुडी सैल पडते आणि तबला उतरतो. तिकडे तानपुऱ्याच्या तारा गारव्यात उलट चढतात. म्हणजे दोघं दोन दिशेला चालले आणि मधे गाणारी पोरगी. व्हायोलिनचंही तसंच, कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि खुंट्या सुटतात, वाजवता वाजवता तार सर्रकन खाली येते. त्या मुलांना सांगा तासभर आधी वाद्य खोलीत आणून केसमधून बाहेर काढून ठेवा, ऐनवेळी बाहेरून आणून लगेच वाजवायला बसू नका.

आता जी गोष्ट सगळ्यात जास्त बिघडते आणि जिच्याकडे कोणी लक्ष देत नाही ती सांगतो. सूर. गाणाऱ्या मुली साधारण काळी चारला गातात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा, मुलं काळी एक नाहीतर दोनला. तबलजी एकच बोलावलेला असतो आणि त्याला फोनवर कोणी सांगितलेलंच नसतं कोण कशात गाणार, तो बिचारा काळी एकचा तबला घेऊन येतो. एका कॉलेजात मी श्रोत्यांत बसलो होतो, एक मुलगी काळी चारमध्ये भूप राग घेऊन बसली, तबला काळी एकचाच. आता काळी चार सा धरला तर काळी एक हा तिचा मध्यम (म) येतो. आणि भूपात मध्यम वर्ज्य! ती गंधारावर (ग) छान थांबायला जायची आणि बाजूला तबल्याचा ‘ना’ ठणठणीत मध्यम देत राहायचा, तिचा गंधार बघता बघता वर ओढला जायचा, ती चमकून तबल्याकडे बघायची, परत सा लावायची, परत तेच. मागं दोन बायका कुजबुजल्या, सुरात नाही वाटतं. अहो ती सुरात होती, तिच्या शेजारचं वाद्य दुसऱ्या रागात होतं! काळी दोनचा तबला असता तर पंचम (प) मिळाला असता आणि काम झालं असतं. उलट तीच मुलगी मालकंस गाणार असती तर मध्यमाचाच तबला पाहिजे, कारण तिथं पंचम नाही. खालच्या षड्जाला मिळणारा मोठ्या तोंडाचा तबला असला तर प्रश्नच मिटतो, पण तो सगळ्यांकडे नसतो.

म्हणून एक कागद करा, प्रत्येकाचं नाव, राग, ताल, पट्टी, आणि तो तबला आणि पेटीवाल्यांना आठवडाभर आधी व्हॉट्सॲप करा. आणि एकाच पट्टीची मुलं लागोपाठ बसवा, दर वेळी सगळं उतरवून चढवून लोकांचा जीव जातो.

पण पट्टीबरोबर वेळही बघा बरं का. कॉलेजात काय होतं, सगळ्यांचा यमन तयार असतो, आणि कार्यक्रम ठेवतात सकाळी अकराला. अकराला जौनपुरी घ्या, अल्हैया बिलावल घ्या, बाराला वृंदावनी सारंग घ्या, सिलॅबसमध्ये असतातच हे. मी म्हणेन संध्याकाळी पाचला सुरू करा. आपल्याकडे फेब्रुवारीत सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. म्हणजे पाचला भीमपलास किंवा पटदीप, मुलतानी पेलणारं कोणी असेल तर उत्तमच, मग दिवेलागणीला पूरिया धनाश्री, सातला यमन, भूप, आणि शेवट बिहाग. खिडकीबाहेर अंधार पडत जातो आणि आत राग बदलत जातात, यात एक रुपया खर्च नाही आणि बंद एसी हॉलमध्ये हे मिळतही नाही.

वीसच्या वीस मुलं एका दिवशी बसवू नका हो, कृपा करा. पालकांना वाटतं माझं पोर स्टेजवर दिसलं पाहिजे, मान्य, पण पाच-पाच मिनिटांत काय गाणार, बंदिश म्हणायची, चार पाठ ताना टाकायच्या आणि उठायचं. विलंबित एकतालाचं एक आवर्तनच (तालाचा एक फेरा) पाऊण मिनिटाचं असतं. वीस मिनिटं दिली तर दोनेक मिनिटं आलाप, मग पंधराएक आवर्तनं बडा ख्याल, उरलेल्यात द्रुत, तेवढ्यात मुलाला खरंच बढत (रागाचा हळूहळू विस्तार) करायला मिळते, चुकायला आणि चुकून परत समेवर यायला मिळतं. वीस मिनिटांचे पाच-सहा जण म्हणजे दोन तास भरले. बाकीच्यांना पुढच्या महिन्यात, परत त्याच खोलीत. खोली आपली असल्यावर काय, भाडं थोडीच पडून राहिलं.

साथीदारांबरोबर निदान एक तालीम कराच. ऐनवेळी भेटलेला तबलजी कितीही तयारीचा असला तरी त्याला हे माहीत नसतं की ही मुलगी मुखडा कितव्या मात्रेपासून उचलते आणि हिला ठेका किती धीमा पाहिजे. आणि तबल्याच्या विद्यार्थ्यालाच साथीला बसवता आलं तर बसवा, थोडं कच्चं होईल, होऊ द्या. एकमेकांचं ऐकत वाजवणं हे त्याला सोलोमधून येणार नाही.

व्हायोलिनवाल्या दोघांना मधे कुठेतरी ‘व्हरायटी’ म्हणून घुसडू नका, सुरुवातीलाच बसवा, तानपुरा लागायच्या आधी, कारण एकदा काळी चारचा सा कानात बसला की त्यांचं जी-डी-ए-ई (व्हायोलिनच्या चार तारांचे सूर) लोकांना भलतंच वाटतं. त्यांच्यासाठी पियानोवाला शोधत फिरायची गरज नाही, दोन व्हायोलिनसाठी भरपूर लिहून ठेवलंय. जर्मन संगीतकार टेलिमानचे कॅनॉनिक सोनाटा आहेत, १७३८ चे, त्यात दोघं एकच ओळ वाजवतात, फक्त दुसरा थोडा मागून सुरू करतो, आणि तरी सगळं एकमेकांत बसत जातं. आपल्या लोकांना हे लगेच कळतं, मजा वाटते. हंगेरीच्या बार्टोकने १९३१ मध्ये खास शिकणाऱ्यांसाठी ४४ ड्युएट लिहिले, एकेक मिनिट-दोन मिनिटांचे, खेड्यापाड्यातल्या लोकगीतांवरचे, सोप्याकडून अवघडाकडे जाणारे. त्यातले पाच-सहा निवडले तर दहा मिनिटं सुंदर जातील.

फक्त एक करा, ते बसण्याआधी लोकांना दोन वाक्यं सांगा. आपण समेला ‘वा’ म्हणणारे, तिथं तुकड्यांच्या मधल्या शांततेतही टाळी वाजवत नाहीत, शेवटीच वाजवतात. नाही सांगितलं तर पहिला तुकडा संपला की टाळ्या, मुलं गोंधळून उठतात, नमस्कार करतात आणि बाकीचं वाजवायचं राहून जातं. आणि सांगूनही एखाद्या काकांनी मधेच ‘क्या बात है’ म्हटलं तर मुलांनी ते आशीर्वाद समजून वाजवत राहायचं.

दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पुष्पगुच्छ, प्रास्ताविक, मनोगत, हे सगळं दहा मिनिटांत बसवा. पहिला गाणारा मागं थंड पडत असतो. गळा गरम करून बसलेलं पोर चाळीस मिनिटं भाषणं ऐकत राहिलं की त्याचा पहिला सा घोगराच येणार. तर्री पोहे ठेवायचे असतील तर कार्यक्रमानंतर. आधी ठेवले तर गाणारे खाणार, आणि सावजी तिखटाच्या गावात राहून घसा जपायला कोणी शिकवलेला नसतो.

प्राचार्यांचं काय करायचं, हा तुमच्या प्रश्नाचा खरा भाग आहे हे मला कळतं. त्यांना पैशाच्या भाषेत सांगा. तुमच्या विभागाच्या कपाटावर गवसणीत एखादा जुना मिरजेचा तानपुरा नक्की पडलेला असेल, तार तुटलेली, जवारी (तारेला झंकार देणारी घोडीची घडण) गेलेली, म्हणून तुम्ही मोबाईलच्या ॲपवर भागवत असाल. हॉल आणि साऊंडला लागणाऱ्या पैशात त्याच्या तारा बदलतील, जवारी निघेल, नवीन सतरंज्या येतील, आणि वर तबला-पेटीवाल्यांना त्याच दिवशी हातात पाकीट देता येईल. शेवटचं विसरू नका, ‘बिल पास झाल्यावर देतो’ असं म्हणणारं एक कॉलेज आम्ही सगळे साथीदार अजून नावानिशी ओळखतो.