इन्सब्रुकला येताना स्कीच्या किती जोड्या?

सप्टेंबरमध्ये आपण सोलापूरहून सहकुटुंब ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला येत आहात आणि निरनिराळ्या बर्फासाठी स्कीच्या, म्हणजे बर्फावरून घसरण्यासाठी बुटांखाली लावायच्या लांब पट्ट्यांच्या, किती जोड्या घ्याव्यात, असे आपण विचारले आहे. व्हिसा आणि नोंदणीची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळेल, म्हणून ती सोडतो. दोन जोड्या पुरतात, आणि पहिल्या हंगामात त्याही भाड्यानेच घ्याव्यात. विकत घ्यायचे ते फक्त बूट, कारण बुटात टाच उचलली जात असेल तर कितीही भारी स्की आपले ऐकत नाही.

पहिली जोडी अरुंद, म्हणजे बुटाखाली ७० ते ८० मिलिमीटर रुंदीची असावी. इन्सब्रुकजवळच्या अक्सामर लिझुम या स्की-डोंगरावर, जिथे १९६४ आणि १९७६च्या हिवाळी ऑलिम्पिकमधल्या बहुतेक अल्पाइन, म्हणजे उतारावरून खाली येण्याच्या, शर्यती झाल्या, रात्री यंत्राने दाबलेले उतार जानेवारीत सकाळी टणक असतात आणि दुपारपर्यंत गर्दीने घासून जागोजागी गुळगुळीत होतात. तिथे अरुंद स्की चटकन आपल्या पोलादी कडेवर येते आणि बर्फात रुतून धरते. कडेला धार आहे का, हे नखाने कळते: नख तिच्यावर आडवे ओढले की पांढरा भुगा निघाला पाहिजे. घरी आल्यावर कडा कोरड्या पुसाव्यात, नाहीतर पिशवीत गंज चढतो.

दुसरी जोडी ९५ मिलिमीटरच्या आसपासची, पुढचे टोक लवकर वर उचललेले असलेली घ्यावी. ताज्या बर्फात ती तरंगते, आणि दक्षिणेकडून उबदार फॉन वारा सुटला किंवा एप्रिलची दुपार झाली की बर्फ भिजलेल्या पोह्यांसारखा जड होतो, तेव्हाही तीच उपयोगी पडते. याहून रुंद जोडी खोल बर्फाच्या वेड्यांसाठी आहे. आपल्याला ती अडगळ होईल.

मुलासाठी काहीही विकत घेऊ नये. हनुवटी ते नाक एवढ्या उंचीची स्की दरवर्षी भाड्याने बदलून घ्यावी, कारण मूल एका हिवाळ्यात वाढते. मात्र शाळेला पहिल्याच आठवड्यात लेखी विचारावे की स्की-सहलीच्या यादीत त्याचे नाव आहे का. जर्मन कच्चे असलेल्या मुलांसाठी ऑस्ट्रियात २०१८ पासून वेगळे भाषावर्ग आहेत. माझा मुलगा तशाच वर्गात होता, आणि त्याच्या वयाची बाकीची मुले आठवडाभर डोंगरावर गेली तेव्हा तो शाळेत चित्रे रंगवत बसला. यादी नेहमीच्या वर्गांची होती, एवढेच उत्तर मिळाले. आज तो माझ्यापेक्षा कितीतरी चांगला स्की करतो, तरी ते उत्तर मला अजून खुपते, आणि खरे सांगायचे तर मी या खेळात पडलो तो बर्फाच्या ओढीने नव्हे, त्या रागाने.

एकटेपणाचे म्हणाल, तर जानेवारीत, सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत तो येतो आणि जातो. तेव्हा इथे हंगाम ऐन भरात असतो. बूट घ्यायला संध्याकाळी जावे, दिवसभराच्या चालण्याने पाय थोडा फुगलेला असतो आणि माप खरे मिळते.