आर्वीकडच्या खेड्यातली दहावीची मुलगी युनायटेड वर्ल्ड कॉलेजात जाऊ शकते का?

जाऊ शकते, भाऊ. वर्ध्याहून लांब आहे खरं, पण या नावाची कॉलेजं देशोदेशी आहेत, त्यातलं भारतातलं पुण्याजवळ मुळशीतच आहे, १९९७ पासून. जर्मन शिक्षणतज्ज्ञ कर्ट हान यांनी पहिलं काढलं १९६२ साली, वेल्समध्ये. शीतयुद्धाच्या त्या काळात देशोदेशीची पोरं एकत्र राहावी, शिकावी म्हणून. अकरावी-बारावीऐवजी दोन वर्षांचा आयबी डिप्लोमा, म्हणजे बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम असतो. फी ऐकून घाम फुटेल, पण निवड झाली की शिष्यवृत्ती घरची ऐपत पाहून मिळू शकते. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसीलच्या चकरा तुम्हाला ठाऊकच आहेत. मुलाखतीसाठी पाठांतर नको. कापसाचा भाव पडला की घरात काय काय थांबतं, हे तिला स्वतःच्या साध्या इंग्रजीत सांगता यावं. डॉक्टरच करायची असेल तर मात्र तिथं नीटच्या क्लासची अपेक्षा ठेवू नका.