ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील रुग्णांची बोली इंग्रजी परिचारिकेने कशी समजून घ्यावी?

तुम्ही लिहिले आहे की सांगली जिल्ह्यातील एका रुग्णालयात तुम्ही परिचारिका आहात, ओईटी ही आरोग्यसेवकांसाठीची इंग्रजीची परीक्षा उत्तीर्ण झाला आहात, आयर्लंडमधील नोकरी निश्चित झाली आहे आणि काही वर्षांनी ऑस्ट्रेलियाला जाण्याचाही विचार आहे. परंतु आधी गेलेल्या मैत्रिणी सांगतात की तिथले रुग्ण परीक्षेतल्यासारखे बोलतच नाहीत. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या निरनिराळ्या देशांत रोजच्या बोलीत आणि संकोचापोटी वापरल्या जाणाऱ्या आडवळणाच्या शब्दांत काय फरक असतो, असे तुम्ही विचारले आहे. परदेशी निघालेल्या परिचारिकांना मी इंग्रजी संभाषण शिकवते, त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. तुमच्या मैत्रिणी सांगतात ते खरे आहे, आणि त्याची तयारी निघण्यापूर्वीच करता येते.

अनोळखी शब्द कानावर पडला की आपण थांबतो, विचारतो आणि अर्थ समजून घेतो, म्हणून त्यापासून फारसा धोका नसतो. धोका असतो तो शाळेपासून माहीत असलेल्या शब्दाचा, कारण तो ऐकताना आपल्याला शंकाच येत नाही. ‘सिक’ हा शब्द घ्या. आपल्याकडे आणि अमेरिकेत त्याचा अर्थ सहसा आजारी असा घेतला जातो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मात्र रुग्ण ‘आय फील सिक’ म्हणाला तर बहुधा त्याला मळमळते आहे, आणि ‘आय हॅव बीन सिक’ म्हणाला तर त्याला उलटी झाली आहे. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येणारा रुग्ण हे सांगत असेल, तर परिचारिकेला त्याच क्षणी उलटीचे भांडे आणावे लागते. अमेरिकेत हेच सांगायला ‘थ्रो अप’ वापरतात, तर ऑस्ट्रेलियात ‘स्प्यू’ किंवा ‘चंडर’ असे शब्द ऐकू येतात. आजारी असल्याचे सांगायला ऑस्ट्रेलियन माणूस ‘क्रूक’ म्हणतो. आपल्या शब्दकोशात त्याचा अर्थ लुच्चा असा दिलेला असतो, पण ‘फीलिंग अ बिट क्रूक’ याचा अर्थ एवढाच की त्याला बरे वाटत नाही.

बरे नसल्याचे सांगायला इंग्लंडमध्ये ‘पूअर्ली’ म्हणतात. सर्दी झालेल्या मुलापासून अतिदक्षता विभागातील रुग्णापर्यंत हा एकच शब्द चालतो, त्यामुळे त्याचे वजन आधीच्या शब्दावरून ओळखावे लागते. डॉक्टर नातेवाइकांना ‘व्हेरी पूअर्ली’ असे सांगत असतील, तर परिस्थिती बहुधा गंभीर असते. आपण ‘पेशंट सिरियस आहे’ असे म्हणतो तेव्हा जे सांगायचे असते, तेच इथे सौम्य शब्दांत सांगितले जाते. आपला ‘सिरियस’ मात्र तिथे तसाच वापरू नका, कारण ‘ही इज सिरियस’ याचा अर्थ तो माणूस थट्टा करत नाही असाही होतो. ‘लूज मोशन’ आणि ‘गिडिनेस’ हे आपल्या वॉर्डातले रोजचे शब्दही तिकडे क्वचित ऐकू येतात, त्यांच्या जागी ‘डायरिया’ आणि ‘डिझी’ ठेवावेत. कपड्यांच्या बाबतीतही असेच आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ‘पँट्स’ म्हणजे सहसा आतले कपडे, म्हणून तपासणीपूर्वी बाहेरची पँट काढायला सांगायची असेल तर ‘ट्राउझर्स’ म्हणावे. ऑस्ट्रेलियातील आजी पलंगाखालचे ‘थाँग्ज’ मागतील तेव्हा त्यांना रबरी चपला हव्या असतात. इतर बऱ्याच देशांत हा शब्द अंतर्वस्त्राचा आहे.

तुम्ही प्रथम आयर्लंडला जाणार आहात, म्हणून तिथले थोडे विस्ताराने सांगते. आयरिश इंग्रजीची वाक्यरचना अनेक ठिकाणी आयरिश गेलिक भाषेवरून आलेली आहे, आणि त्यातील एक रचना परिचारिकेला माहीत असायलाच हवी. ‘आय ॲम आफ्टर फॉलिंग’ असे रुग्ण म्हणाला तर तो आत्ताच, काही क्षणांपूर्वी पडला आहे. आपल्या कानाला ‘आफ्टर’मुळे हे वाक्य धड भूतकाळाचे वाटत नाही, आणि घाईत ते निसटून जाते. ‘गिव्हिंग आउट’ म्हणजे रागावणे किंवा कुरकुर करणे, म्हणून शेजारच्या खाटेवरचा माणूस ‘गिव्हिंग आउट’ करतो आहे अशी तक्रार आली तर तो कोणाला काही वाटून देत नसतो. ‘प्रेस’ म्हणजे कपाट, ‘योक’ म्हणजे नाव आठवत नसलेली कोणतीही वस्तू, आणि ‘जॅक्स’ म्हणजे शौचालय. गाडीने सोडण्याची विनंती करताना ‘राइड’ हा शब्द टाळावा, कारण तिथल्या बोलीत त्याला लैंगिक अर्थ आहे, ‘लिफ्ट’ म्हणावे.

आता आडवळणाच्या शब्दांकडे वळते, कारण बोलीतील शब्द महिन्याभरात कानावर रुळतात, पण आडवळणाचा शब्द ओळखायला त्या समाजाला कशाची लाज वाटते हे समजावे लागते. शौचालयासाठी अमेरिकेत ‘रेस्टरूम’ किंवा ‘बाथरूम’ म्हणतात, कॅनडात ‘वॉशरूम’, ब्रिटनमध्ये ‘लू’, आणि ऑस्ट्रेलियातील जुनी माणसे ‘डनी’ म्हणतात. अमेरिकन ‘बाथरूम’मध्ये अंघोळीची सोय असेलच असे नाही. ही मराठी माणसाला सोपी गोष्ट आहे, कारण ‘बाथरूमला जाऊन येतो’ असे आपणही म्हणतोच. इंग्लंडमधील वयस्कर बाई ‘स्पेंड अ पेनी’ करायचे आहे असे म्हणतील, तेव्हा पैशांचा संबंध शोधू नका, त्यांना लघवीला जायचे आहे. 1851 साली लंडनच्या हाइड पार्कमधील भव्य प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज यांनी उभारलेल्या स्वच्छतागृहांच्या वापरासाठी एक पेनी आकारली जात असे, आणि पुढे सार्वजनिक शौचालयांचा तोच दर दीर्घकाळ राहिला. तरुण पिढीला हा वाक्प्रचार जुनाट वाटतो, पण वृद्धांच्या वॉर्डात तुमचे रुग्ण तरुण नसतील.

शरीराच्या खाजगी भागांविषयी आणि त्यांच्या तक्रारींविषयी बोलताना ब्रिटनमधील जुन्या पिढीचा संकोच अधिक स्पष्ट दिसतो. ‘वॉटरवर्क्स’मध्ये बिघाड आहे असे सांगणाऱ्या आजोबांना लघवीचा त्रास असतो, आणि ‘डाउन बिलो’ दुखते असे सांगणारी बाई ओटीपोटाखालील, बहुतेक वेळा योनीमार्गाची तक्रार सांगत असते. ‘बंग्ड अप’ याचा अर्थ बद्धकोष्ठ असाही होतो आणि नाक चोंदले असाही होतो, त्यामुळे कोणते ते विचारूनच घ्यावे. ‘फॅनी’ या शब्दाबाबत मी विद्यार्थिनींना आवर्जून सावध करते. अमेरिकेत तो पार्श्वभागासाठीचा निरुपद्रवी, जवळपास बालभाषेतील शब्द आहे, पण ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात तो स्त्रीच्या गुप्तांगासाठीचा असभ्य शब्द आहे. अमेरिकन पर्यटक बाई ‘फॅनी’वर पडल्याचे सांगत असेल, तर दुखापत कोठे आहे हे बोटाने दाखवायला सांगणे उत्तम.

यावरून अमेरिकन माणूस कमी संकोची असतो असे मात्र समजू नये. 1830च्या दशकात इंग्लंडमधून अमेरिकेत फिरायला गेलेले कॅप्टन फ्रेडरिक मॅरिएट यांनी लिहून ठेवले आहे की नायगराजवळ खडकावरून घसरलेल्या एका तरुणीला त्यांनी पायाला लागले का असे विचारताना ‘लेग’ हा शब्द वापरला, तेव्हा ती दुखावली, आणि स्त्रियांसमोर ‘लिंब’ (इंग्रजीत अवयव) म्हणावे असे त्यांना सांगण्यात आले. संकोचाचा विषय काळाबरोबर आणि देशाबरोबर सरकत असतो. आपल्याकडे ‘लघुशंका’, ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची’ हे शब्द त्याच गरजेतून आलेले आहेत. मासिक पाळीसाठी आपल्याकडील अनेक स्त्रिया ‘एमसी’ म्हणतात. ते इंग्रजी अक्षरांचे असल्यामुळे इंग्रजांना कळेल असे वाटते, पण परदेशी रुग्णाला ते कळणार नाही, तिथे सरळ ‘पीरियड’ म्हणावे.

दारूचा इतिहास विचारताना आणखी एक शब्द आडवा येतो. ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात ‘पिस्ड’ म्हणजे दारू चढलेला, आणि अमेरिकेत तोच शब्द संतापलेल्या माणसासाठी वापरतात. ‘अ फ्यू जार्स’, म्हणजे बिअरचे काही ग्लास, घेतले असे आयरिश रुग्ण सांगेल, तेव्हा किती पाइंट आणि दिवसाआड की रोज, हे स्पष्ट विचारा. त्याने वापरलेल्या शब्दावरून प्रमाण काढता येत नाही.

सर्वांत जपून बोलावे लागते ते मृत्यूविषयी. आपल्या रुग्णालयांत ‘पेशंट एक्स्पायर झाला’ हे वाक्य इतके रूढ आहे की ते आडवळणाचे आहे हेही आपण विसरलो आहोत. आयर्लंडमधील मुलीला तिच्या आईबद्दल ‘एक्स्पायर्ड’ असे सांगितले तर तिच्या कानाला ते औषधाची किंवा परवान्याची मुदत संपल्यासारखे लागेल, आणि त्या क्षणी झालेली जखम नंतर कितीही माफी मागितली तरी भरत नाही. अमेरिकेत ‘पास्ड’ किंवा ‘पास्ड अवे’ फार चालते आणि ब्रिटनमध्येही ते ऐकू येते. बातमी सांगताना मात्र ‘डाइड’ हाच शब्द वापरण्याचा सल्ला आरोग्यसेवेच्या प्रशिक्षणात दिला जातो, कारण धक्का बसलेल्या माणसाला ‘वी लॉस्ट हिम’ यासारखे वाक्य नीट उमजत नाही. आधी एक मऊ वाक्य, मग तो स्पष्ट शब्द, मग शांतता, असा क्रम मी शिकवते. आपल्या घरांत बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’ म्हणण्याची रीत आहे, त्यामुळे मराठी मुलींना हा उघडा शब्द उच्चारणे खरोखर जड जाते, आणि म्हणूनच त्याचा सराव मोठ्याने करावा लागतो.

ऑस्ट्रेलियात याची आणखी एक बाजू आहे. तेथील आदिवासी आणि टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरच्या लोकांमध्ये शोकाच्या विधींना आणि त्या काळाला ‘सॉरी बिझनेस’ म्हणतात. रुग्ण त्यासाठी घरी जायचे म्हणत असेल तर तो कोणाची क्षमा मागायला निघालेला नसतो. अनेक समुदायांत मृत व्यक्तीचे नाव उच्चारणे टाळले जाते, म्हणून तेथील दूरचित्रवाणीवर अशा नावांची किंवा चित्रांची पूर्वसूचना दिली जाते. त्यामुळे वारलेल्या माणसाचा उल्लेख कसा करावा हे कुटुंबालाच विचारणे योग्य ठरते.

औषधांची बोलीतील नावे थोडक्यात सांगते. आपण ज्याला क्रोसिन म्हणतो ते ब्रिटनमध्ये पॅरासिटामॉल, ऑस्ट्रेलियात बऱ्याचदा पॅनाडॉल आणि अमेरिकेत टायलेनॉल असते, आणि अमेरिकेत त्या औषधाचे शास्त्रीय नावही ॲसिटामिनोफेन असे आहे. एकच औषध दोन नावांनी दोनदा दिले जाऊ नये म्हणून हे पाठच करावे. इंजेक्शनला इंग्लंडमध्ये ‘जॅब’, स्कॉटलंडमध्ये ‘जॅग’ आणि अमेरिकेत ‘शॉट’ म्हणतात. रुग्ण तुम्हाला ‘लव्ह’, ग्लासगोमध्ये ‘हेन’, डर्बीकडे ‘डक’, न्यूकॅसलला ‘पेट’ अशी हाक मारतील. तो मायेचा सूर आहे, सलगीचा नाही. तुम्ही स्वतः मात्र रुग्णाला विचारून, त्याला आवडेल त्याच नावाने हाक मारावी. असे शब्द समजणे आवश्यक आहे, पण ते उसने घेऊन बोलण्याची गरज नाही. परक्या माणसाच्या तोंडी ते लगेच खटकतात, आणि साधे, स्पष्ट इंग्रजी सर्व देशांत चालते.

शेवटची गोष्ट वेदनेविषयी, कारण तिथे आडवळणाचा शब्द नसतोच, असतो तो केवळ कमी करून सांगण्याचा स्वभाव. आयर्लंडमधील वृद्ध शेतकरी ‘आय ॲम ग्रँड’ (मी ठीक आहे) म्हणेल आणि इंग्लंडमधील आजी ‘नॉट टू बॅड’ म्हणतील, आणि दोघांनाही अंगाला हात लावू देणे जमत नसेल. ऑस्ट्रेलियातही ‘शी विल बी राइट’ (होईल सगळे ठीक) म्हणून दुखणे उडवून लावणारे पुष्कळ भेटतात. तेव्हा कसे वाटते, या प्रश्नावर थांबू नका. शून्य ते दहामध्ये आकडा विचारा, तोही पडून असताना वेगळा आणि खोकताना किंवा कुशीवर वळताना वेगळा विचारा, आणि नोंद करताना रुग्णाचे मूळ शब्द अवतरणचिन्हांत लिहून त्यापुढे तो आकडा लिहा, म्हणजे पुढच्या पाळीच्या परिचारिकेला ‘ग्रँड’चा अर्थ पुन्हा शोधावा लागणार नाही.