बकेट दिसते, पण फाइल आत जात नाही

प्रश्न : ताई, सावद्याला आमच्या केळीच्या बागेत हवामानयंत्र बसवलंय. त्याच्या एपीआयकडून (यंत्राची माहिती देणाऱ्या दुव्याकडून) दर तासाला तापमान घेऊन ते ॲमेझॉन एस-थ्री या ऑनलाइन साठवणीवर मुंबई रीजनमधल्या बकेटमध्ये, म्हणजे तिथल्या आपल्या कप्प्यात, ‘हवामान’ नावाच्या फाइलीत ठेवायचंय. जोडणी तपासली की बकेट दिसते, पण लिहायला गेलं की ४०३, ‘ॲक्सेस डिनाइड’. काय चुकतंय?
– एक वाचक, सावदा

उत्तर : भाऊ, गोदाम दिसलं म्हणून आत माल ठेवू देतीलच असं नाही. बकेटमधली यादी बघायची परवानगी, लिस्टबकेट, ही बकेटवर द्यायची असते. फाइल ठेवायची, पुटऑब्जेक्ट, ही बकेटच्या आतल्या वस्तूंवर. म्हणून पॉलिसीत, म्हणजे परवानग्यांच्या कागदात, बकेटच्या एआरएनपुढे (ॲमेझॉनमधल्या तिच्या पूर्ण पत्त्यापुढे) तिरकी रेघ आणि तारांकन हवं. तुम्ही बहुतेक नुसतं बकेटचं नाव देऊन थांबलात. मीही थांबले होते! भुसावळला त्या एका चांदणीपायी माझी मे महिन्यातली अख्खी दुपार गेली, त्यात लाइट नव्हती.

तरीही ४०३ आला, तर बकेटला स्वतःची केएमएस किल्ली, म्हणजे फाइली कुलूपबंद करणारी किल्ली, लावलीय का बघा. ती वापरायची परवानगी वेगळी द्यावी लागते. वैतागून बकेट सगळ्यांना खुली मात्र करू नका. आणि खात्याच्या मूळ मालकाची प्रवेशाची किल्ली (ॲक्सेस की) शेतातल्या यंत्रात कधीच ठेवायची नाही. यंत्रासाठी वेगळा यूजर करा, त्याला फक्त लिहू द्या.

आता तुम्ही न विचारलेलं. दर तासाला ‘हवामान’ याच नावाने लिहाल, तर नवी फाइल जुनीवर बसेल. एस-थ्री विचारतसुद्धा नाही, आणि व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपून ठेवायची सोय) चालू नसेल तर जुनी गेली ती गेलीच. नावात तारीख-तास घाला. तेही भारतीय वेळेने, कारण यंत्रणेचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपल्या साडेपाच तास मागे. जानेवारीतली पहाटे ४ची थंडी मग आदल्या तारखेत जाऊन बसते, आणि केळीला बाधते ती नेमकी हीच थंडी. बाग आपल्या घड्याळावर चालते, तर नावंही आपल्याच घड्याळाची असू द्यात.

सगळं झालं की एक बारकी फाइल टाकून बघा, पण त्या नव्या यूजरच्या किल्लीने. तुमच्या स्वतःच्या लॉगिनने नको, त्याला सगळंच चालतं.