मॅनेज्ड स्विचची ओळख कोठून सुरू करावी?

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत संगणक कक्षाचे आणि कार्यालयाचे मिळून २२ संगणक आहेत. जुना स्विच (केबलने संगणक एकमेकांशी जोडणारे उपकरण) बंद पडल्यावर माजी विद्यार्थ्यांनी २४ पोर्टचा, वापरलेला मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच भेट दिला. केबल जोडताच सगळे सुरू झाले. परंतु गेल्या महिन्यात एका मुलाने एकाच केबलची दोन्ही टोके भिंतीवरच्या दोन सॉकेटमध्ये खोचली आणि तासभर सारे नेटवर्क ठप्प झाले. असे पुन्हा होऊ नये आणि कार्यालयाचे संगणक मुलांच्या संगणकांपासून वेगळे राहावेत, यासाठी काय करावे? (एक संगणक शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : साधा असो वा मॅनेज्ड, स्विचचे मूळ काम एकच आहे. आलेल्या फ्रेमवरचा (नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यावरचा) पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, तो वाचतो, तो पत्ता कोणत्या पोर्टवर दिसला याची नोंद ठेवतो आणि पुढे त्या पत्त्यासाठी आलेली फ्रेम त्याच पोर्टवर सोडतो. पत्ता नोंदीत नसेल, तर फ्रेम जिथून आली तो पोर्ट वगळून बाकी सर्वत्र पाठवतो. मॅनेज्ड स्विच ही नोंदवही आपल्याला उघडून दाखवतो आणि तिच्या व्यवहारात हात घालू देतो. म्हणून माझा आग्रह असा की, काहीही बदलण्याआधी काही दिवस हा स्विच फक्त वाचावा.

त्याहीपूर्वी एक काम मात्र करावेच लागेल. स्विच वापरलेला असल्याने त्यात आधीच्या मालकाच्या सेटिंग शिल्लक असणार, तेव्हा माहितीपुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने तो कारखान्यातल्या मूळ स्थितीत आणावा, लगेच नवा पासवर्ड ठेवावा आणि दुरून स्विचमध्ये शिरण्यासाठी टेलनेट बंद करून एसएसएच ही सांकेतिक रूपात माहिती पाठवणारी पद्धत वापरावी, कारण टेलनेटमधून पासवर्ड उघडा जातो. स्विचच्या सेटिंगसाठी थेट संगणक जोडायचा कन्सोल पोर्ट बऱ्याचदा नेटवर्क पोर्टसारखाच दिसतो. त्यात नेटवर्कची केबल लावू नये.

मग वाचन सुरू करावे. मॅक पत्त्यांच्या तक्त्यावरून कोणता संगणक कोणत्या पोर्टवर आहे हे शोधून प्रत्येक केबलला चिठ्ठी लावावी. प्रत्येक पोर्टचे त्रुटींचे आकडे पाहावेत. एखाद्या पोर्टवर सीआरसी त्रुटी (वाटेत बिघडलेल्या फ्रेमची मोजणी) सतत वाढत असतील, तर केबल किंवा तिचे क्रिंपिंग, म्हणजे टोकाला बसवलेली पिन, खराब असण्याची शक्यता मोठी असते. शाळेच्या नेटवर्कमधील निम्म्या तक्रारींचा उगम मला या दोन तक्त्यांतच दिसलेला आहे.

आता आपल्या ठप्प झालेल्या नेटवर्कविषयी. फ्रेमच्या आत असलेल्या आयपी पॅकेटमध्ये (इंटरनेटच्या पद्धतीने बांधलेल्या माहितीच्या पुडक्यात) प्रत्येक राउटरपाशी घटणारा एक आकडा असतो आणि तो संपला की पॅकेट टाकून दिले जाते. इथरनेट फ्रेममध्ये असा आकडाच नाही. त्यामुळे केबलचे वेटोळे तयार झाले की सर्वांसाठी पाठवलेली एकच फ्रेम फिरत राहते, तिच्या प्रती निघत राहतात आणि काही क्षणांत सगळी क्षमता त्यातच खर्ची पडते. यावरचा उपाय संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना शोधला. स्पॅनिंग ट्री नावाच्या या पद्धतीत स्विच स्वतः छोटे संदेश पाठवून वेटोळे ओळखतो आणि त्यातला एक मार्ग रोखून धरतो. आपल्या स्विचवर ती बहुधा बंद केलेली असावी. ती सुरू करताना जलद आवृत्ती, म्हणजे आरएसटीपी, निवडावी आणि संगणकांचे पोर्ट ‘एज’ म्हणून, म्हणजे पलीकडे दुसरा स्विच नसलेले, असे नोंदवावेत. एरवी संगणक सुरू झाल्यावर पोर्ट सुमारे ३० सेकंद वाट पाहत राहतो आणि तोवर संगणकाला आयपी पत्ता न मिळाल्याने इंटरनेट नाही अशी तक्रार येते. बीपीडीयू गार्डची सोय (स्पॅनिंग ट्रीचे संदेश पोर्टवर आले की तो पोर्ट बंद करणारी) असेल, तर तीही याच पोर्टवर लावावी. मग मुलाने तोच प्रयोग पुन्हा केला, तरी फक्त ते पोर्ट बंद पडतील.

कार्यालय वेगळे करण्यासाठी व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्क, वापरावे. ८०२.१क्यू या मानकानुसार फ्रेममध्ये चार बाइटची खूण घातली जाते आणि तिच्यातील १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक असतो. वापरता येणारे क्रमांक १ ते ४०९४. कार्यालयाला १० आणि संगणक कक्षाला २० असे क्रमांक द्यावेत. संगणकांचे पोर्ट बिनखुणेचे ठेवावेत आणि राउटरकडे जाणाऱ्या पोर्टवर दोन्ही व्हीलॅन खुणेसह पाठवावीत. राउटरला व्हीलॅन कळत नसेल, तर ही रचना चालणार नाही, हे आधी तपासावे. तसेच दोन्ही व्हीलॅनमधली वाहतूक राउटरच पुढे पाठवत असेल, तर नुसत्या व्हीलॅनने संरक्षण मिळत नाही. संगणक कक्षातून कार्यालयाकडे जाणारी वाहतूक रोखणारा नियम राउटरवर लिहावा लागतो.

हे बदल शाळा सुटल्यावर, एकावेळी एकच, असे करावेत. पुष्कळ स्विचवर केलेला बदल वेगळी आज्ञा देऊन जतन करेपर्यंत तात्पुरता असतो, त्यामुळे चुकीने आपलीच वाट बंद झाली तर वीज बंद करून चालू केल्यावर जुनी स्थिती परत येते. काही स्विच मात्र बदल तत्काळ कायम करतात, म्हणून आपला स्विच कोणत्या प्रकारचा आहे हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. ज्या पोर्टवरून आपण स्विचमध्ये शिरला आहात, तो पोर्ट सर्वांत शेवटी हलवावा.